बायपास आणि व्हॉल्व्हनंतरचा डिलिरियम: 65 च्या वरच्या पेशंटमध्ये धोका आधी ओळखायला कोणता स्कोअर वापरावा?

भूल_निवासी (प्रश्न)

कार्डिॲक आयसीयूसाठी डिलिरियमचा (अचानक येणारा, चढउतार होणारा मानसिक गोंधळ) प्रोटोकॉल लिहायचं काम आलं आहे. पेशंट 65 आणि पुढचे. बहुतेक बायपास, काही एओर्टिक व्हॉल्व्ह, थोडे दोन्ही एकत्र. या वयाचे वर्षाला साधारण 200. सध्या ऑपरेशनआधी युरोस्कोअर 2 भरतात, डिलिरियमसाठी वेगळं काहीच नाही. पेशंट नळ्या ओढायला लागला की मगच फोन येतो.

ऑपरेशनच्या आधीच धोका सांगेल असा, दुसऱ्या पेशंटवर पडताळलेला स्कोअर कोणता? प्री-डेलिरिक (आयसीयूतल्या डिलिरियमचा स्कोअर) चालेल का? बरेच पेशंट ग्रामीण भागातले आहेत आणि त्यातल्या अनेक आजी शाळेत गेलेल्या नाहीत, त्यांची एमएमएसई (30 गुणांची बुद्धी-स्मरणशक्तीची चाचणी) कशी घ्यायची? शिवाय दोन वर्षांचा डेटा जमवून आपलाच स्कोअर बनवू, असं सरांचं म्हणणं आहे. ते कितपत जमेल?

---

पंप_ऑफ

आधी युरोस्कोअर बाजूला ठेवा. तो मृत्यूचा धोका सांगायला बनवला आहे. वय, किडनी, हालचाल या गोष्टी त्यात आहेत म्हणून डिलिरियमशी थोडा संबंध दिसतो, पण डिलिरियमचा सगळ्यात मोठा धोका, म्हणजे पेशंटची आधीची बुद्धी-स्मरणशक्ती, त्यात कुठेच नाही.

तुम्हाला हवा आहे तो रूडॉल्फ स्कोअर. 2009 साली ‘सर्क्युलेशन’मध्ये आला. 60 च्या वरचे हृदय शस्त्रक्रियेचे पेशंट, 122 जणांवर बनवला आणि वेगळ्या 109 जणांवर तपासला. चारच गोष्टी लागतात आणि चारही ऑपरेशनच्या आधी मिळतात. एमएमएसई 23 किंवा कमी असेल तर 2 गुण, 24 ते 27 असेल तर 1. पूर्वी स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात बरा होणारा छोटा स्ट्रोक) झाला असेल तर 1. 15 प्रश्नांच्या जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केलवर 4 पेक्षा जास्त आले तर 1. सीरम अल्ब्युमिन 3.5 किंवा कमी, अथवा 4.5 किंवा जास्त असेल तर 1. मूळ गटात 0 गुणवाल्यांपैकी 19 टक्क्यांना डिलिरियम झाला, 1 गुणाला 47, 2 ला 63 आणि 3 किंवा अधिक गुणांना 86 टक्के. तपासणीच्या गटातले आकडेही याच्या अगदी जवळ होते.

हे आकडे जसेच्या तसे प्रोटोकॉलमध्ये छापू नका. त्या अभ्यासात निम्म्या पेशंटना डिलिरियम झाला, कारण रोज बसून, सविस्तर चाचण्या घेऊन तो शोधला होता. तुमच्याकडे तसा शोधत नसतील तर आकडा कमी येणार. पुढे कोणी आकडेमोडीतलं माणूस समजावेलच.

आता प्री-डेलिरिक. तो चांगला आहे, पण काम वेगळं. 2012 चा, सगळ्या प्रकारच्या आयसीयू पेशंटसाठी, आणि आयसीयूत आल्यानंतरच्या पहिल्या 24 तासांचा डेटा मागतो: अपाची-2 (आजाराच्या गंभीरतेचा स्कोअर), कोमा, इन्फेक्शन, मेटाबॉलिक ॲसिडोसिस, सिडेशन, मॉर्फीन, युरिया वगैरे. तुमच्या आयसीयूत ओटीतून येणारा प्रत्येक पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, सिडेशनवर असतो, बहुतेकांना फेंटानिल किंवा मॉर्फीन मिळालेलं असतं. जे सगळ्यांनाच आहे त्यावरून कोण वेगळा हे कळत नाही. शिवाय 24 तास थांबायचं तर प्रतिबंधाची पहिली रात्र हातातून गेली. त्याची 2015 ची ई-प्री-डेलिरिक आवृत्ती दाखल होतानाच भरता येते, आणि तिच्यात आधीची बौद्धिक घट व दारूचं व्यसन हे दोन्ही आहेत, हे चांगलं. पण श्वसनाचा त्रास आणि दाखल होतानाचं ब्लड प्रेशर हे घटक कार्डिॲक पेशंटमध्ये पंपनंतरच्या (हार्ट-लंग मशीननंतरच्या) औषधांवर हलतात.

म्हणून दोन टप्पे करा. पहिला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी: रूडॉल्फचे चार घटक, सोबत वय, चाल आणि व्यसनं. चालीसाठी 5 मीटरची पट्टी जमिनीवर आखा. नेहमीच्या चालीने 6 सेकंद किंवा जास्त लागले तर पेशंट खंगलेला समजा. हा निकष हृदय शस्त्रक्रियेच्या वयस्कर पेशंटमध्येच वापरलेला आहे. अनस्टेबल अँजायना किंवा गंभीर लेफ्ट मेन (हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीतला अडथळा) असेल तर चालवू नका, नोंद कोरी ठेवा. कोरी म्हणजे नॉर्मल नव्हे, हे फॉर्मवर छापून ठेवा. दुसरा टप्पा पहिल्या दिवशी सकाळी 6 वाजता: इमर्जन्सी केस होती का, पुन्हा ओटीत न्यावं लागलं का, लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) आणि इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) वाढते आहेत का, रक्त किती लागलं, क्रिएटिनिन चढलं का, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) आलं का, ट्यूब अजून आत आहे का. यांचे गुण करू नका. आधी मध्यम वाटलेल्या पेशंटमध्ये यातलं काही असेल तर त्याला वरच्या गटात ढकला, एवढंच.

---

वृद्धवैद्य

एमएमएसईबद्दल. शाळा न शिकलेल्या आजींना ती जशीच्या तशी लावली तर निम्म्या जणी डिमेन्शियाच्या निघतील. 30 पैकी 5 गुण शंभरातून सात-सात वजा करण्याचे, 1 वाचण्याचा, 1 वाक्य लिहिण्याचा, 1 पंचकोन काढण्याचा. म्हणजे 8 गुण मेंदूच्या आधी शाळेला विचारतात. यावर उपाय म्हणून 1995 साली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे विचारतात, आणि लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला लावतात. त्याच धर्तीवर मराठीत विचारा. शिकलेल्यांसाठी मोका या दुसऱ्या बुद्धी-चाचणीची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे, पण रूडॉल्फच्या 23 आणि 27 या रेषा मोकाला लावू नका. मोका अवघड आहे, तिथे 23 चा अर्थ वेगळा.

निरक्षर पेशंटसाठी सगळ्यात प्रामाणिक चाचणी म्हणजे एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी. कागद नको, चष्मा नको. गाय, म्हैस, शेळीपासून सुरू होतं. ज्याचं डोकं चालतं तो पुढे रानात जातो, ज्याचं अडखळतं तो पुन्हा गाईवर येतो. पुनरावृत्तीही लिहून ठेवा.

त्याहून जास्त माहिती घरचे देतात, पण नीट विचारलं तर. ‘आजींची स्मरणशक्ती कशी आहे?’ असं विचारलं की ‘एकदम चांगली, सगळं जुनं आठवतं’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: गोळ्या स्वतः घेतात की द्याव्या लागतात? पेन्शनचे किंवा दुधाचे पैसे कोण मोजतं, आणि हे काम त्यांच्याकडून कधी सुटलं? ओळखीच्या वाटेवर चुकल्या का? तेच तेच पुन्हा विचारतात का? मागच्या एखाद्या ऑपरेशननंतर किंवा तापात बरळल्या होत्या का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर बाकी गुण काहीही असोत, मी तो पेशंट वरच्या गटात धरेन.

डिप्रेशन स्केल सुनेसमोर किंवा मुलासमोर घेऊ नका. त्यांच्यासमोर सगळं ‘बरं आहे’ असतं.

औषधांची यादी करताना डिस्चार्ज कार्डावर विसंबू नका, पिशवी मागवा. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामची अर्धी गोळी वर्षानुवर्षं चालू असते आणि ती ‘झोपेची, साधी’ म्हणून कोणी सांगत नाही. ऑपरेशनला ती अचानक बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट थरथरतो. ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन ही ॲन्टिकोलिनर्जिक (मेंदूचा गोंधळ वाढवणारी) औषधं वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. व्यसनात दारूच्या पुढेही विचारा. तंबाखू-चुना पुरुषांना विचारतात, मिश्री मात्र बायकांना कोणी विचारत नाही. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या आजींचं निकोटिन ऑपरेशनच्या दिवशी एकदम तुटतं आणि त्यांची तगमग दुखण्याच्या खात्यावर जाते.

ऐकू येतं का, ते कानाशी कुजबुजून बघा. ज्याला ऐकू येत नाही तो सगळ्या चाचण्यांत नापास होतो.

---

इन्चार्ज_सिस्टर

स्कोअर कुठलाही घ्या, डिलिरियम झाला की नाही हे रोज नीट बघितलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. शिफ्टमध्ये एकदा, म्हणजे निदान दिवसातून दोनदा, कॅम-आयसीयू (आयसीयूत डिलिरियम ओळखायची तपासणी). आधी रॅस (जाग-गुंगीची पातळी, शून्य म्हणजे जागा आणि शांत) बघायचा. उणे 4 किंवा उणे 5 असेल तर ‘तपासता आलं नाही’ असं लिहायचं, ‘निगेटिव्ह’ नाही. उणे 3 पासून वर असेल तर पुढे जायचं.

अचानक बदल किंवा चढउतार आहे का, हे घरचे आणि मागची शिफ्ट सांगते. लक्ष तपासायला इंग्रजीत एसएव्हीईएएचएएआरटी अशी अक्षरं म्हणतात आणि ए आला की हात दाबायला सांगतात. अक्षरांची गडबड नको म्हणून आकड्यांची आवृत्ती वापरा: आठ, एक, सात, पाच, एक, चार, एक, एक, तीन, सहा. ‘एक’ ऐकलं की हात दाबा. साध्या आवाजात, सेकंदाला साधारण एक आकडा. ‘एक’वर न दाबणं ही चूक, दुसऱ्या आकड्यावर दाबणं हीही चूक. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष नाही. नवीन मुली एक चूक हमखास करतात: ‘एक’ म्हणताना आवाज चढवतात किंवा स्वतःच हात दाबतात. मग सगळेच पास.

पुढे रॅस शून्याशिवाय काहीही असेल तर कॅम पॉझिटिव्ह, तिथेच थांबा. शून्य असेल तर चार प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? मग दोन बोटं दाखवून ‘एवढी बोटं वर करा’, आणि नंतर ‘आता दुसऱ्या हाताने’, पण या वेळी बोटं दाखवायची नाहीत. रेडियल लाइन आणि स्प्लिंटमुळे एक हात हलत नसेल तर दुसऱ्या सूचनेऐवजी ‘अजून एक बोट वर करा’. एकापेक्षा जास्त चुका म्हणजे पॉझिटिव्ह.

भाषा फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. खानदेशातल्या बाबांची घरची भाषा अहिराणी, अक्कलकोटच्या आजींची कन्नड, ड्यूटीवरची सिस्टर मल्याळी. अशात ‘उत्तर देत नाही’ याचे दोन अर्थ होतात.

आणि ओरडणारा पेशंट कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. सुटतो तो गप्प पडून राहणारा, जेवण नको म्हणणारा, प्रश्न विचारला की डोळे मिटणारा. नोट्समध्ये त्याला ‘शांत, सहकार्य करतो’ असं लिहितात. वयस्कर पेशंटमध्ये हाच प्रकार जास्त.

वॉर्डात गेल्यावर कॅम-आयसीयूऐवजी 4एटी ही डिलिरियमची छोटी चाचणी घ्या, दोन मिनिटांत होते. 4 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना बोलवायचं. त्यात वय, जन्मतारीख, जागा आणि चालू साल विचारतात, मग महिने उलटे. इथे एक अडचण आहे: बऱ्याच आजोबांची कागदावरची जन्मतारीख 1 जून असते, शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली, आणि ती त्यांना माहीतही नसते. म्हणून हे चार प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारून उत्तरं लिहून ठेवायची, नंतर त्याच्याशी ताडायची. महिने डिसेंबरपासून येत नसतील तर फाल्गुनापासून उलटे चालतील. मात्र आधी एकदा सुलटे म्हणता येतात ना, ते बघा.

---

आकडेमोड

सरांच्या स्कोअरबद्दल. दोन वर्षांत 400 पेशंट आणि डिलिरियमचं प्रमाण 20 टक्के धरलं तर 80 घटना, म्हणजे डिलिरियम झालेले 80 पेशंट. दर घटकाला निदान 10 घटना या जुन्या ढोबळ नियमाने फार तर 8 घटक मावतात. त्यातही 40 घटक गोळा करून पी-व्हॅल्यूने 8 निवडले तर ते 8 नव्हे, 40 धरायचे. असे मॉडेल आपल्याच डेटावर 0.85 एयूसी (धोक्यातला पेशंट किती नीट वेगळा ओळखता येतो त्याचं माप, 1 म्हणजे अचूक) दाखवतात आणि पुढच्या वर्षी 0.65 वर येतात. नवा स्कोअर बनवण्यापेक्षा आहे तो आपल्या प्रमाणाला जुळवून घ्या.

ते असं. मूळ गटात एकूण प्रमाण 52 टक्के होतं, म्हणजे 52 ला 48, गुणोत्तर 1.08. तुमच्याकडे 20 टक्के निघालं तर 20 ला 80, गुणोत्तर 0.25. भागाकार 0.23. आता प्रत्येक पायरीचं गुणोत्तर 0.23 ने गुणा. 2 गुणांना 63 टक्के, म्हणजे 63 ला 37, 1.70; गुणिले 0.23 म्हणजे 0.39, परत टक्क्यांत आणलं की 28. अशाच रीतीने 0 गुणांचे 19 टक्के 5 वर येतात, 1 गुणाचे 47 टक्के 17 वर, आणि 3 किंवा अधिक गुणांचे 86 टक्के 59 वर. यात दोन्हीकडे पेशंटचं मिश्रण सारखंच आहे असं गृहीत धरलं आहे, म्हणून ही पहिली दुरुस्ती समजा. पहिले 150-200 पेशंट झाले की प्रत्येक पायरीवर अपेक्षित किती आणि प्रत्यक्षात किती, हे शेजारी मांडा. नुसती एयूसी बघू नका. क्रम बरोबर आणि आकडे सगळे दुप्पट, असं असलं तरी एयूसीला पत्ता लागत नाही.

डेटा घेताना तीन खड्डे नेहमीचे. व्हेंटिलेटरचे एकूण तास हा घटक टाकू नका. पेशंट गोंधळलेला होता म्हणून ट्यूब उशिरा काढली असेल तर तुम्ही परिणामावरून कारणाचा अंदाज बांधताय. तोच घटक ‘पहिल्या दिवशी सकाळी 6 ला ट्यूब आत होती का’ असा घेतला आणि डिलिरियम त्यानंतरचाच मोजला तर चालेल. दुसरं, सिस्टर म्हणाल्या ते: न तपासलेला दिवस म्हणजे निगेटिव्ह दिवस नाही. पाच दिवस खोल सिडेशनवर राहिलेला पेशंट ‘डिलिरियम नाही’ या रकान्यात गेला तर सगळ्यात आजारी माणूस सगळ्यात सुरक्षित दिसतो. तिसरं, वय 70 च्या खाली आणि वर असं कापू नका, वर्षांत ठेवा. कापल्याने माहिती फुकट जाते.

---

भूल_निवासी

सगळ्यांचे आभार. दोन टप्पे आणि जुळवलेला रूडॉल्फ हे पक्कं. आता वरच्या गटात पेशंट आला तर वेगळं नक्की काय करायचं? डेक्समेडिटोमिडिन (सिडेशनचं औषध) सगळ्यांना लावावं का? आणि मिडाझोलाम (बेन्झोडायझेपिन गटातलं गुंगीचं औषध) पूर्ण बंद?

---

पंप_ऑफ

डेक्समेडिटोमिडिनचं उत्तर सरळ नाही. 2020 च्या डीकेड चाचणीत हृदय शस्त्रक्रियेत आणि त्यानंतर ते दिलेल्या गटात डिलिरियम कमी झाला नाही. 17 विरुद्ध 12 टक्के, म्हणजे कल उलटाच होता. ब्लड प्रेशर आणि नाडी उतरते, त्याचीही किंमत आहे. सिडेशन लागणारच असेल तर बेन्झोडायझेपिनऐवजी ते घ्या. नुसतं प्रतिबंधासाठी सगळ्यांना लावू नका.

भूल ईईजी बघून हलकी ठेवण्यानेही फरक पडला नाही. कॅनडातल्या एंगेजेस चाचणीत, 60 च्या वरच्या हृदय शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये, दोन्ही गटांत डिलिरियम 18 टक्केच. ओटीत बेन्झोडायझेपिन टाळण्याच्या मोठ्या बी-फ्री चाचणीतही फरक नगण्य होता. तेव्हा इंडक्शनच्या 1 मिलिग्रॅम मिडाझोलामवरून भांडण नको. आयसीयूत रात्री 2 वाजता ‘झोप येत नाही’ म्हणून दिलेल्या मिडाझोलामवरून मात्र जरूर भांडा.

पॅरासिटामॉल स्वस्त आहे. डेक्सासेट चाचणीत, 60 च्या वरच्या 120 पेशंटमध्ये, शिरेतून 1 ग्रॅम दर 6 तासांनी 48 तास दिलं. डिलिरियम 10 विरुद्ध 28 टक्के. चाचणी लहान, त्यामुळे आकड्यावर फार भरवसा नको, पण ओपिऑइड कमी लागतं हेच पुरेसं कारण आहे. 50 किलोच्या खाली 15 मिलिग्रॅम प्रति किलो, आणि लिव्हर बिघडलेलं असेल तर विचारून.

सगळ्यात जास्त फायदा औषधं न देण्यात आहे. रक्त चढवायच्या आधी सवयीने दिलं जाणारं फेनिरामिन, उलटी-खाजेसाठी प्रोमेथाझिन, पेन्टाझोसिन-प्रोमेथाझिनची जोडी, ट्रामाडॉल: वरच्या गटातल्या पेशंटच्या चार्टवर ही चारही नावं आधीच लाल शाईने खोडून ठेवा. तोंडी सूचना रात्रीच्या शिफ्टपर्यंत टिकत नाही.

बाकीचा भाग, म्हणजे चष्मा, कानाचं यंत्र, कवळी एक्स्ट्युबेशन झाल्यावर (श्वासाची ट्यूब काढल्यावर) तासाभरात, रात्री 10 ते 5 दिवे मंद आणि रक्ताचे नमुने एकत्र, पहिल्या दिवशी खुर्चीत, घरचं माणूस दोन वेळा. हे स्कोअर न बघता सगळ्यांना द्या. स्कोअरचा उपयोग जे पुरत नाही ते वाटायला: खिडकीजवळचा बेड, रात्री एक माणूस बाजूला, वृद्धरोगतज्ज्ञांची भेट, दोनाऐवजी तीनदा कॅम. तुमच्याकडे रोज असे किती बेड देता येतात ते मोजा आणि गुणांची रेषा तिथे ओढा.

डिलिरियम झालाच तर हॅलोपेरिडॉलकडे (तगमग शांत करणारं औषध) धावण्याआधी साखर, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, सोडियम, ड्रेन, मूत्राशय बघा. कॅथेटर काढल्यावर लघवी तुंबलेला म्हातारा पेशंट सगळ्या स्कोअरना खोटं पाडतो. अस्खलित पण अर्थहीन बोलत असेल, किंवा एक हात कमी हलत असेल, तर तो डिलिरियम समजू नका, स्ट्रोकसाठी सीटी करा. स्वतःला इजा करण्याइतकी तगमग असेल तरच हॅलोपेरिडॉल 0.5 मिलिग्रॅमपासून, तेही ईसीजी बघून. एट्रियल फिब्रिलेशनसाठी ॲमिओडॅरोन चालू असतं, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन असतं, त्यात हे तिसरं क्यूटी (ईसीजीवरचं अंतर, फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते) वाढवणारं. क्यूटीसी 500 च्या वर असेल तर देऊच नका. पोटॅशियम 4 च्या आणि मॅग्नेशियम 2 च्या वर ठेवा.

---

वृद्धवैद्य

एक अपवाद फॉर्मवर ठळक लिहा. दारू किंवा रोजची अल्प्राझोलाम सुटल्यामुळे होणाऱ्या डिलिरियमवर बेन्झोडायझेपिन हेच औषध आहे. तिथे ‘वरचा गट, मिडाझोलाम बंद’ असा शिक्का बसला तर पेशंटला फिट येईल. दारूचा डीटी (दारू सुटल्याने येणारा गंभीर डिलिरियम) शेवटच्या पेल्यानंतर 48 ते 96 तासांत येतो, म्हणजे आदल्या दिवशी दाखल झालेल्या पेशंटमध्ये नेमका ऑपरेशननंतरच्या पहिल्या ते तिसऱ्या दिवशी. म्हणून ‘दारू घेता का’ नव्हे, ‘शेवटची कधी घेतली’ हा रकाना ठेवा, तारीख आणि वेळेसकट. आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन.